स्पेसबार का खुळखुळतो? स्वतः जुळवायच्या कीबोर्डची सोपी ओळख

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चारशे-पाचशे रुपयांत चालता कीबोर्ड मिळतो. पिन खुपसायची आणि टाइप करायला लागायचं. असं असताना कॉलेजातली मुलं आठ-दहा हजार घालून कीबोर्ड सुट्या भागांत का मागवतात? रविवारभर एकेका बटणात ब्रशने वंगण का लावत बसतात? आणि शेवटी स्पेसबार दाबून "ऐक, कसा वाजतोय" म्हणून घरच्यांना का हाका मारतात? ज्यांना हे कोडं वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना कोडं वाटत नाही, पण पहिल्याच खेपेला पैसे पाण्यात घालायचे नाहीत, त्यांच्याही तो कामाचा आहे.

हा छंद बाहेरून महागड्या वस्तूंचा दिसतो, पण आतून मापांचा आहे. चार-पाच मापं नीट कळली की निम्म्या चुका टळतात. आणि आवाजात, स्पर्शात सगळ्यात मोठा फरक पडतो तो एका स्वस्तातल्या कामाने: स्पेसबारखालची तार सरळ करण्याने.

## बटणाखाली काय असतं?

स्वस्त कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर रबराच्या टोप्या. बटण दाबलं की टोपी चेपते, दोन पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. रबर म्हातारं होतं तसं दाबणं चिकट, मंद होत जातं. एका कोपऱ्यात चहा सांडला तर अख्खा कीबोर्ड टाकायचा. एका डागापायी पूर्ण चादर धुवावी तसं.

मेकॅनिकल कीबोर्डात, म्हणजे सुट्या भागांतून जुळवतात त्या जातीत, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. खालची पेटी, वरचं झाकण, मधला सरकणारा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि कडेला तांब्याच्या मिश्रधातूची छोटी पट्टी, एवढाच त्याचा संसार. दांड्याला दोन पाय असतात, ते ही पट्टी संपर्कापासून दूर धरून ठेवतात. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतात, पट्टी टेकते आणि वीज वाहते. दांडा एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे तळापर्यंत आपटायची गरज नसते.

दांड्याच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखा उंचवटा असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेली ही रचना. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, केल अशा चिनी कंपन्या त्याच मापाचे स्विच बनवू लागल्या. कुठल्याही कंपनीचा पिनवाला बल्ब जसा कुठल्याही होल्डरमध्ये बसतो, तशी आज एका कंपनीची कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर बसते. सगळा छंद या एका जुळणीवर उभा आहे.

## स्विचचे तीन स्वभाव

पहिला सरळ: वरून खालपर्यंत एकसारखा दाब, मध्ये काही नाही. त्याला लिनियर म्हणतात. दुसरा अडखळणारा: अर्ध्या वाटेत बोटाला बारीक उंचवटा लागतो. तो टॅक्टाइल. तिसऱ्यात उंचवटा तर असतोच, शिवाय बटणाच्या पेनासारखा टिक्‌ आवाजही येतो. तो क्लिकी. चेरीच्या रंगांत सांगायचं तर अनुक्रमे लाल, तपकिरी आणि निळा. इतर कंपन्यांचे रंग मात्र याच अर्थाचे असतीलच असं नाही, तेव्हा रंगावर न जाता वर्णन वाचावं.

दाब ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. लाल स्विचचा ४५ ग्रॅमच्या आसपास. हे किती, ते घरीच बघता येतं. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. बटणावर एकावर एक नाणी रचत जा आणि कितव्या नाण्याला अक्षर उमटतं ते पाहा. सहा नाणी म्हणजे ४६ ग्रॅम, आठ म्हणजे जवळपास ६२. ज्यांची बोटं बटणांवर विसावतात त्यांना हलके स्विच छळतात, न दाबताच अक्षरं उमटतात. जोरात टाइप करणाऱ्यांनी ६० ग्रॅमच्या पुढचे बघावेत.

मुंबईच्याच गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर काढला. अशा यंत्रांवर टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या पिढीला क्लिकी स्विच पहिल्याच दाबात आवडतो, कारण अक्षर उमटल्याची पावती कानाला मिळते. पण तोच स्विच रात्री अकराला वन रूम किचनमध्ये वाजला, तर घरची शांतता भंगते. अशा घरांसाठी सायलेंट लिनियर हा चांगला पर्याय. त्याच्या दांड्याला मऊ रबर असतं, ते वरचा आणि खालचा दोन्ही आपट गिळतं.

सत्तर स्विच एकदम घेण्याआधी वेगवेगळ्या प्रकारांचे पाच-सहा नमुने सुटे मागवा. दुसऱ्याच्या बोटांनी निवडलेला स्विच आपल्या बोटांना आवडेलच असं नाही.

## संगणकाला कळतं कसं?

६८ बटणांना ६८ वायरी ओढायच्या म्हटल्या तर कीबोर्डची मधली चिप कोळ्याच्या जाळ्यात अडकेल. म्हणून बटणं चाळीसारखी मांडतात: ५ मजले, प्रत्येक मजल्यावर १५ खोल्यांपर्यंत जागा. प्रत्येक मजल्याला एक वायर आणि खोल्यांच्या प्रत्येक उभ्या रांगेला एक. वायरी झाल्या फक्त २०. चिप वॉचमनसारखी एकेका मजल्यावर फेरी मारते आणि कुठल्या खोलीचं दार उघडं आहे ते पाहते. सेकंदात शेकडो फेऱ्या.

यात एक मेख आहे. आयताच्या चार कोपऱ्यांपैकी तीन बटणं एकदम दाबली, तर वीज उलट्या वाटेने फिरते आणि चौथं, न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. या भुताला आवर घालायला प्रत्येक स्विचपाशी एक डायोड असतो, म्हणजे विजेसाठीचा एकदिशा मार्ग.

दुसरी मेख: पातळ पट्टी टेकताना थरथरते. स्टीलची वाटी फरशीवर पडली की निवांत होण्याआधी चार-पाचदा टणटणते, तसं. चिपने प्रत्येक टणत्कार मोजला तर "मी येतो" चं "ममी येतो" होईल. म्हणून ती क्षणभर थांबून मगच विश्वास ठेवते. कीबोर्डच्या चिपमध्ये चालणाऱ्या क्यूएमके या मोफत प्रणालीत हा थांबा मुळात ५ मिलिसेकंदांचा असतो. एखादं बटण दोनदा उमटायला लागलं तर हा थांबा ८-१० पर्यंत वाढवून बघावा. तेवढ्याने थांबलं नाही तर संपर्कावर धूळ किंवा वंगण गेलेलं असतं, स्विच बदलावा.

## मराठी टाइप करणाऱ्यांना याचा काय उपयोग?

कीबोर्डला ना मराठी कळतं ना इंग्रजी. तो फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो. एनचा क्रमांक १७. त्याचं 'एन' करायचं, 'ल' करायचं की शिफ्टसह 'ळ', हे संगणकातली भाषेची निवड ठरवते. त्यामुळे कुठलाही कीबोर्ड मराठीला चालतो, 'मराठी कीबोर्ड' वेगळा घ्यावा लागत नाही. देवनागरी छापलेल्या कीकॅप क्वचितच मिळतात, पण पारदर्शक स्टिकर चिकटवून शिकता येतं.

सरकारी मान्यतेच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर-मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला आहेत. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. जोडाक्षराचा हलन्त डीवर येतो, म्हणजे मराठीत डाव्या मधल्या बोटाला मोठंच काम. हवं तर या एका बटणाखाली थोडा हलका स्विच घाला. पूर्ण कीबोर्ड एकाच स्विचचा असावा असा नियम नाही.

त्याहून उपयोगी सोय म्हणजे मॅक्रो: एका बटणावर अनेक बटणांची मालिका बसवणं. 'दऱ्या', 'ताऱ्यांत' यांतला 'ऱ्य' लिहायला इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ असा प्रवास लागतो. ही मालिका कोपऱ्यातल्या एका रिकाम्या बटणावर नेमून ठेवता येते. त्यासाठी पीसीबी, म्हणजे आतला सर्किटचा पत्रा, 'क्यूएमके' आणि 'व्हिया' मानणारा हवा. व्हिया, म्हणजे बटणांची कामं बदलायची सोय, क्रोम ब्राउझरमध्ये उघडते आणि केलेले बदल कीबोर्डातच साठतात. ऑफिसच्या संगणकावर काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

## पैसे देण्याआधी तपासायची मापं

आधी आकार. आकड्यांच्या पट्टीसह पूर्ण कीबोर्ड १०४ बटणांचा, ती पट्टी गेली की ८७ चा. '६५ टक्के' मध्ये बाणांची बटणं राहतात, वरची एफ रांग जाते आणि साधारण ६७-६८ बटणं उरतात. टॅली किंवा एक्सेलवर दिवस काढणाऱ्यांनी छोट्या आकाराच्या मोहात पडू नये. लेखन आणि कोडिंगला ६५ टक्के छान, शिवाय लोकलमध्ये पाठीवरच्या बॅगेत आडवा बसतो.

एका साध्या बटणाची जागा १९.०५ मिलिमीटर. तिला १ यू म्हणतात. मोठी बटणं याच्या पटीत मोजतात: बॅकस्पेस २, एंटर आणि डावं शिफ्ट २.२५, स्पेसबार बहुतेक ६.२५. कीकॅपचा संच घेताना लोक नेमके इथे फसतात. ६५ टक्क्यांच्या कीबोर्डात उजवं शिफ्ट १.७५ यूचं असतं, नेहमीच्या संचात ते २.७५ चं येतं. बाकी सगळं बसतं आणि एक जागा बोडकी राहते. काही कीबोर्डांचा स्पेसबार ७ यूचा असतो. संचाच्या चित्रावरून अंदाज बांधू नका, बटणांची मापं एकेक करून ताडून पाहा.

कीकॅपचं प्लास्टिक मुख्यतः दोन प्रकारचं: एबीएस आणि पीबीटी. एबीएस काही महिन्यांत बोटांच्या तेलाने चकाकायला लागतं. पीबीटी खरखरीत राहतं, पण साच्यातून निघताना जास्त आकसतं, म्हणून स्वस्त पीबीटी संचातला स्पेसबार कधीकधी केळ्यासारखा वाकलेला निघतो. काचेवर पालथा ठेवून लगेच तपासा आणि डुलत असेल तर परत करा.

स्विचला तळाशी धातूच्या दोन पिना आणि प्लास्टिकचा मधला खुंट असतो, या तिन्हीला मिळून तीन-पिन म्हणतात. पाच-पिनमध्ये आधाराचे आणखी दोन प्लास्टिक पाय असतात. पीसीबी तीन-पिनचा असेल तर ते दोन पाय नेलकटरने छाटले की काम झालं. उलट अडचण येतच नाही.

सध्या गाजणारे चुंबकीय स्विच ही निराळी जात आहे. त्यात धातूचा संपर्कच नसतो, दांड्यातल्या चुंबकाचं अंतर सेन्सर मोजतो. ते साध्या पीसीबीवर चालत नाहीत आणि साधे स्विच त्यांच्या पीसीबीवर नाहीत. ऑनलाइन घेताना ही गल्लत फार होते.

पहिला कीबोर्ड 'हॉट-स्वॅप' घ्यावा, म्हणजे स्विच सॉकेटमध्ये नुसता दाबून बसवायचा, सोल्डरने डाग द्यावा लागत नाही. नाहीतर ६८ स्विचचे १३६ डाग द्यायला लागतील. ते करायचंच असेल तर ६३/३७ चं सोल्डर घ्या, ते १८३ अंशांना वितळतं. सोल्डर वितळवायची इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक पिनेला दोन-तीन सेकंदच टेकवा. जास्त वेळ टेकवली की पीसीबीवरची तांब्याची चकती उचकटते.

## आता तो स्पेसबार

लांब बटण एकाच स्विचवर ठेवलं तर टोकाला दाबल्यावर सी-सॉसारखं कलंडेल. म्हणून त्याच्या दोन बाजूंना दोन सरकत्या ठोकळ्या आणि त्यांना जोडणारी वाकवलेली पोलादी तार असते. हा स्टॅबिलायझर. ६५ टक्क्यांच्या कीबोर्डात असे चार असतात: तीन छोटे, एक स्पेसबारचा.

खुळखुळाट येतो तो तारेतून. तिचं टोक ठोकळीच्या खाचेत सैल असतं, प्रत्येक दाबाला ते आपटतं. त्यात तार जराशी पिळलेली असेल तर एक बाजू आधी टेकते, दुसरी मागून. मग 'ठक' ऐवजी 'टख्-ळळ' असा आवाज येतो. चार हजाराचा असो वा वीस हजाराचा, हा दोष राहिला की कीबोर्ड खेळण्यासारखा वाजतो.

उपाय असा. तार सुटी करून आरशावर ठेवा आणि एका टोकावर बोट टेकवा. दुसरं टोक उचललं जात असेल तर तार पिळलेली आहे. बोटांनी किंवा पक्कडीने अगदी हलके उलट पीळ द्या, पुन्हा आरशावर ठेवा. डुलणं थांबेपर्यंत हेच. घाई केली तर तार दुसऱ्या बाजूला जाते. मग तारेच्या दोन्ही टोकांना आणि वळणांना विजेच्या जोडण्यांवर लावतात ते घट्ट पारदर्शक सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा. इथे कंजूषी नको. ठोकळी ज्या पेटीत सरकते तिच्या आतल्या भिंतींना मात्र पातळ हात. तिथे जास्त झालं तर स्पेसबार खाली जाऊन वर यायला आळस करतो.

आणखी एक जुगाड: ठोकळी पीसीबीवर जिथे आपटते तिथे बँड-एडच्या कापडाचा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा चिकटवा. स्टॅबिलायझर शक्यतो पीसीबीला स्क्रूने बसणारा घ्या. प्लेटला, म्हणजे पीसीबीवरच्या ज्या चौकटीत स्विच अडकतात तिला, नुसता अडकवायचा प्रकार सैल राहतो.

## स्विचला वंगण: कुठे, किती

वंगण घासाची खरखर घालवतं आणि आवाज खालच्या पट्टीत आणतं. लिनियरसाठी क्रायटॉक्स २०५ ग्रेड शून्य हे सर्रास वापरलं जातं. स्विच ओपनरने झाकण उघडा, शून्य किंवा शून्य-शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश घ्या आणि दांडा ज्या दोन खाचांत सरकतो त्या खाचांना आणि दांड्याच्या कडांना एवढाच थर द्या की पृष्ठभाग ओला दिसेल, पांढरा दिसणार नाही. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना टिपका. धातूच्या पट्टीवर नको. टॅक्टाइल असेल तर दांड्याच्या पायांनाही नको, नाहीतर ज्या उंचवट्यासाठी पैसे दिले तोच गुळगुळीत होतो. क्लिकी स्विचच्या वाटेला जाऊ नका.

स्विचला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे ६८ ना सव्वादोन ते साडेतीन तास. कंटाळा येणार असेल तर कारखान्यातूनच वंगण लावलेले स्विच घ्या, हल्ली ते पुरेसे चांगले येतात.

"शिलाई मशीनचं तेल आहे की घरात, ते नाही का चालणार?" नाही. ते पातळ असतं, पाझरून संपर्कावर जातं आणि धूळ धरतं. व्हॅसलीन आणि गंज सोडवायचे फवारे खनिज तेलाचे, ते काही प्लास्टिक खराब करतात. खोबरेल तर थंडीत गोठतं. आणि क्रायटॉक्स हाताला लागलेला असताना सिगारेट पेटवू नका. ते फार तापलं की विषारी वाफ देतं. काम झालं की साबणाने हात धुवा.

## जोडणीचा क्रम

सर्वात आधी नुसता पीसीबी संगणकाला जोडा आणि चिमट्याने प्रत्येक सॉकेटचे दोन संपर्क क्षणभर जोडून ब्राउझरमधल्या की-टेस्टरवर अक्षर उमटतं का पाहा. सदोष पीसीबी जोडणीआधी कळला तर परत करता येतो.

मग स्टॅबिलायझर, मग आवाज शोषणारा फोम, मग प्लेट. हा क्रम चुकवून सगळे स्विच बसवल्यावर टेबलावर चार स्टॅबिलायझर शिल्लक दिसणं, हे इतक्यांचं होतं की त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण सगळं पुन्हा उपसावं लागतं.

स्विच आधी चार कोपऱ्यांत, नंतर मध्ये. प्रत्येकाच्या पिना सरळ आहेत का बघा, पीसीबीला मागून बोटाचा आधार द्या आणि सरळ खाली दाबा. तिरका दाबला तर पिन आत दुमडते आणि बटण मुकं राहतं. सुदैवाने चिमट्याने ती सरळ होते. आधार न देता जोर लावला तर मात्र सॉकेटच पीसीबीवरून सुटतं, आणि ते परत बसवायला डाग द्यावाच लागतो. सगळी बटणं तपासल्यावरच बाहेरच्या कवचाचे स्क्रू लावा, तेही आवळून नव्हे. कीकॅप सगळ्यात शेवटी.

## "पण एवढे पैसे?"

साधा हिशेब करू. हॉट-स्वॅप सांगाडा साडेतीन ते सहा हजार, वीस रुपयांच्या आसपासचे ७० स्विच चौदाशे, पीबीटी कीकॅप दीड-दोन हजार, वंगण-ब्रश-ओपनर मिळून हजारभर. भाव वरखाली होतात, पण आठ-दहा हजारांत चांगलं काम होतं. त्यापुढचा पैसा मुख्यतः अॅल्युमिनियमच्या वजनाला, रंगाला आणि दुर्मिळपणाला जातो. परदेशातून एकच भाग मागवताना कस्टम शुल्क आणि कुरिअरचा खर्च धरूनच किंमत ठरवा. 'ग्रुप बाय' मध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून केलेल्या मागणीत, आधी पैसे भरून काही महिने, कधी वर्षभर थांबावं लागतं. पहिल्या कीबोर्डसाठी त्या वाटेला जाऊच नये.

टायपिंगचा वेग वाढेल का? नाही, तो सरावाने वाढतो. मनगटदुखी जाईल? तीही भरवशाने नाही. उलट हे कीबोर्ड उंच असतात, त्यामुळे मनगट वर वाकतं. पुढे तेवढ्याच उंचीचा आधार ठेवा किंवा खुर्ची वर घ्या. दुखणं टिकून असेल तर ते डॉक्टरांचं काम, स्विचचं नव्हे.

## मुंबईची हवा आणि कटिंग चहा

पावसाळ्याचे चार महिने इथे सगळंच सादळतं. समुद्राजवळच्या घरात खारी हवा स्टॅबिलायझरची पोलादी तार आणि रंग उडालेली लोखंडी प्लेट पकडते. तारेवरचं ग्रीस इथे दुहेरी कामाला येतं. प्लेट अॅल्युमिनियमची, पॉलिकार्बोनेटची किंवा पीसीबीच्याच पदार्थाची घेतली तर गंजाचा प्रश्न मिटतो. जादा स्विच सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा.

चहा सांडला तर आधी केबल काढा, नंतर हळहळा. कीबोर्ड पालथा करा, कीकॅप काढून कोमट साबणाच्या पाण्यात टाका. ज्या स्विचवर चहा गेला ते उपसून बाजूला ठेवा. साखर आत वाळली की बटण चिकटतं, म्हणून असे सहा-सात स्विच बदलणंच सोपं. पीसीबीवरचे डाग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने पुसा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, गरम ड्रायरही नको. पंख्याखाली दोन दिवस, ऐन जुलैत तीन. मग पुन्हा चिमटा आणि की-टेस्टर.